ताज्या पानांचा मान

माझी धाकटी जाऊ बैठकीत आली की सासूबाई चहादाणीतली पानं फेकून देतात आणि नवी घालतात. मी आले की नाही घालत. झालं, एवढंच माझं दुखणं. ऐकणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवरून ही बाई वर्षभर जळतेय? तर हो, जळतेय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आमच्या होंग-हुआंग डोंगरावर पाहुण्यासाठी हीच रीत आहे. पानं आत्ताच घातलेली असोत, त्यांवर जेमतेम दुसरं पाणी पडलेलं असो, दारात नवं माणूस दिसलं की ती ओतून द्यायची आणि डबा उघडायचा. जुन्याच पानांवर पाणी घालून पेला पुढे केला तर पाहुणा तोंडाने काही बोलणार नाही. दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानेल, चहा पिईल, आणि डोंगर उतरेपर्यंत भेटेल त्याला सांगेल की आम्हा कुआंच्या घरी पानांचं धुवण पाजतात.

तर हा मान गुलिझारला रोज. मागच्या अंगणात धुणं वाळत घालून आली तरी ती पाहुणी. खालच्या दुकानातून मीठ घेऊन आली तरी पाहुणी. आणि मी? अठरा वर्षं झाली मला या घरात. मी उन्हातून चहाच्या टोपल्या उचलून आले, की सासूबाई मानही वर न करता चहादाणीत जे काही असेल ते ओतणार आणि पेला माझ्याकडे सरकवणार. सहावं पाणी असो की आठवं. कधी कधी तर नुसतं गरम पाणी, चहाची आठवण काढणारं.

गुलिझार तुर्कस्तानातली. काळ्या समुद्राकाठी तिच्या माहेरचेही चहाचेच डोंगर आहेत. माझा धाकटा दीर हाक-बुन कँटनला दुकान चालवतो, तिथे ती कापडाच्या पेढीवर नोकरीला होती, तिथेच जमलं. लग्नात तिने गुडघ्यावर बसून सासूबाईंना चहा दिला आणि आमच्या बोलीत "आई" म्हणाली. सासूबाई घळाघळा रडल्या. माझ्या लग्नात त्या रडल्या नव्हत्या. मी तेव्हा बारकाईने पाहिलं होतं.

दीर कँटनलाच असतो, महिन्यातून दोनदा येतो. ही मात्र इथे राहिली. म्हणे मला डोंगर हवा. मी म्हटलं, नव्याची नवलाई, राहू दे चार दिवस. पण कसचं काय! एक दिवस बैठकीत सगळे बसलेले असताना तिने चहात साखर मागितली. सगळ्यांचे पेले हातातच राहिले. आमच्याकडे चहात साखर म्हणजे देवळात चपला. मला वाटलं, आता हिला कळेल सासू म्हणजे काय चीज आहे.

सासूबाई मला म्हणाल्या, "आ-गेक, आतून खडीसाखर आण."

"खडीसाखर? चहात?"

"तिच्या पेल्यात घालायची आहे, तुझ्या नाही. आण."

मी लग्नाच्या पहिल्या वर्षी चहाबरोबर खारवलेलं बोर खाल्लं होतं, तर महिनाभर मला टोमणे ऐकावे लागले होते की समुद्रकाठच्या माणसांच्या जिभा मिठाने मेलेल्या असतात. माझं माहेर कोळ्यांचं ना. आणि हिच्यासाठी खडीसाखर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नवऱ्यापाशी तोंड उघडलं तर तो म्हणाला, "तुला चहा मिळतो ना?"

"मिळतो. गाळ मिळतो."

"मग डबा उघडून तुझा तू करून घे की."

"तुम्हाला काही कळत नाही."

"नाही कळत," तो म्हणाला आणि चहा भाजायला निघून गेला. चहा भाजावा तर त्यानेच. पण ओतायला बसवलं तर म्हशीला पाणी पाजल्यासारखा ओततो, म्हणून त्याला बैठकीतल्या चहाच्या तबकापाशी कुणी बसू देत नाही.

त्या तबकापाशी सासूबाईच बसतात. सासरे गेले त्या वर्षी त्या पहिल्यांदा तिथे बसल्या, तर भाऊबंद दारात उभेच राहिले. बाईच्या हातून बैठकीचा चहा कोण घेणार? सासूबाईंनी तीन पेले भरले. आमच्याकडे पेले तीनच, माणसं दोन असोत की दहा. तिन्ही पेले त्या स्वतःच प्यायल्या, पुन्हा भरले, पुन्हा प्यायल्या. शेवटी थोरले काका म्हणाले, "अगं, सगळा तूच संपवशील," आणि बसले. तेव्हापासून त्या जागेला किंमत आहे. व्यापारी आला, सोयरीक आली, भावकीचं भांडण आलं, सगळं त्या तबकावरून जातं. तिथे बसणारीचं घर असतं. बाकीच्या नुसत्या घरात राहतात.

आणि मला ती जागा हवी होती. लपवायचं कशाला? अठरा वर्षं मी तिच्यासाठीच कोळसा पेटवत आले होते.

मागच्या पावसाळ्यात सासूबाई मळ्याच्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हात थरथरतच राहिला. उकळतं पाणी सांडायला लागलं. नवं वर्ष तोंडावर आलं होतं. वर्षाच्या पहिल्या सकाळी सगळी भावकी संत्री घेऊन आमच्याकडे येते. यंदा ओतणार कोण, हा प्रश्न गावभर झाला.

शेजारची लुआन काकू कुंपणावरून म्हणाली, "काय गं, यंदा म्हणे परदेशी सून चहा पाजणार?"

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? तुझी सासू तिला शिकवतेय ना. बरंय बाई, तू मोकळी. हाडं खूप झिजवलीस."

मी कोळशाची टोपली तशीच घेऊन बैठकीच्या खिडकीशी गेले. खरंच होतं. सासूबाईंनी गुलिझारचं मनगट धरलं होतं आणि तिन्ही पेल्यांवरून चहादाणी गोल गोल फिरवायला शिकवत होत्या, म्हणजे प्रत्येक पेल्यात सारखा रंग उतरतो. "शेवटचे थेंब वाटून दे," त्या सांगत होत्या. "एकालाच दिलेस तर दुसरा लक्षात ठेवतो." माझं मनगट त्यांनी कधी धरलं नव्हतं. मला कोळसा टाकून ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. तो कोळसा त्यांच्याच शेगडीत घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन एक कोबी इतका बारीक चिरला की त्याचं काहीच करता येईना.

वर्ष संपायला आलं तेव्हा आम्ही दोघी जावा नैवेद्याच्या लाल वड्या करत होतो. तांदळाच्या लाल पिठात चिकट भात आणि शेंगदाणे भरायचे, लाकडी साच्यात दाबायचं, आपटून काढायचं. गुलिझारचा हात चांगला चालतो. तेही मला आवडत नव्हतं.

"ताई, एक विचारू? रागावू नका."

"विचार. रागवायला वेळ कुठाय मला?"

"आई तुमच्यासाठी पानं बदलत नाहीत."

मी साचा जरा जोरातच आपटला. ही आता माझ्या जखमेवर मीठ चोळणार. "नाही बदलत. दिसतंय सगळ्यांना. तू आणि कशाला बोलून दाखवतेस?"

"कसं केलंत?"

"काय कसं केलं?"

"त्यांनी बदलायचं सोडलं ते. काय केलंत तुम्ही?" तिला आमची बोली येते, पण तुकड्यातुकड्याने येते. "मी रोज बघते. तुम्ही येता, बसता. त्या बघत नाहीत आणि पेला पुढे करतात. हात आपला आपला जातो त्यांचा. मी आले की डबा उघडतात. मी धुणं घालून येते, डबा. मीठ आणते, डबा. मला वाटतं मी अजून दारातच उभी आहे. ताई, मला तुमचा फार हेवा वाटतो."

माझा हेवा! अठरा वर्षांत कुणी माझा हेवा केला नव्हता. नवऱ्याच्या बहिणींनीही नाही. मला आधी हसू आलं, मग बरं वाटलं, मग फारच बरं वाटलं.

आणि मला आठवलंही. लग्नाला काही महिने झाले होते. माझ्या आईने माहेराहून सुकी मासळी पाठवली होती आणि सासूबाईंनी ती लांब कुठेतरी नेऊन टाकली, कारण अंगणात चहाची पानं पसरलेली होती आणि चहा सगळे वास ओढून घेतो. मी तोवर खाली मान घालून वावरणारी सून होते. त्या दिवशी मात्र भडकले. "तुमच्या चहाला नाक आहे, माझ्या आईला मन नाही?" असं काय काय बोलले. त्याही बोलल्या. दोघींचे आवाज वरच्या आळीपर्यंत गेले. मग दोघी दमून बसलो आणि त्यांनी चहादाणीत होतं ते ओतून माझ्याकडे ढकललं. तेव्हापासून माझ्यासाठी डबा उघडला नाही. इतकी वर्षं मी त्याला शिक्षा समजत होते.

गुलिझार माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काही करावं लागत नाही. वर्षं जावी लागतात."

"किती?"

"ते काय सांगता येतं? दहा. बारा."

तिचा चेहरा पडला. पडू दे, म्हटलं. खडीसाखर तिला, मनगट तिचं, रडणंही तिच्यासाठी. माझ्यापाशी एकच गोष्ट निघाली होती जी तिच्यापाशी नव्हती, तीही तिच्या ओंजळीत घालू?

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी बैठक भरली. थोरले काका, त्यांचे मुलगे, लुआन काकू आणि तिचा नवरा, सगळे आले. संत्र्यांची देवाणघेवाण झाली. सासूबाई तबकापाशी उभ्या राहिल्या, आपला हात दुसऱ्या हातात धरला आणि म्हणाल्या, "आ-गेक, बस."

मला खरंच वाटेना. थोरले काका म्हणाले, "का गं? धाकटी ओतणार होती ना? आम्ही तर तेच बघायला आलो."

"आवडतं म्हणून शिकवलं तिला," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणीला कुणी कामाला लावतं का?"

गुलिझार दारात संत्र्यांचं ताट घेऊन उभी होती. तिने ऐकलं. मी वरच्या आळीत संत्री देऊन येते, असं पुटपुटली आणि गेली. मला तेव्हा तिचं काही वाटलं नाही. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी पेले गरम केले, पानं घातली, पहिलं पाणी ओतून दिलं, आणि तिन्ही पेल्यांवरून चहादाणी अशी फिरवली की काकांनी ओठांनी पसंतीचा आवाज केला. बोटांची टकटक झाली. पेले फिरले, धुतले, भरले, फिरले.

मी पाचव्या पाण्यावर होते तेव्हा गुलिझार परत आली. बैठकीतल्यांनी सरकून तिला जागा दिली. सगळ्यांची नजर आधी तिच्याकडे, मग माझ्या हाताकडे. माझा हात डब्याकडे गेलाही होता. सासूबाई डोळ्यांनीच सांगत होत्या, उघड.

मी हात मागे घेतला. त्याच पानांवर पाणी घातलं आणि पेला तिच्याकडे सरकवला.

हे मी चांगुलपणाने केलं असं मी म्हणणार नाही. तिला जे हवं होतं ते दिलं, हे खरं. चारचौघांत तिचा मान उतरवायची आयती संधी चालून आली होती, हेही तितकंच खरं. त्या क्षणी मला दोन्ही गोष्टी हव्या होत्या.

गुलिझारने पेल्यात पाहिलं. रंग फिका होता. तिने माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हातांनी पेला उचलला, प्यायली, दोन बोटांनी टेबलावर टकटक केली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"अगं बाई, रडली की पोर," लुआन काकू म्हणाली.

काकांनी आपला पेला खाली ठेवला. "एवढ्या लांबून आलेली लेक. आपल्या घराण्यात असं नव्हतं कधी." गुलिझार मान हलवत होती, "नाही, नाही," म्हणत होती, पण रडणाऱ्या माणसाचं "नाही" कोण ऐकतं? सासूबाई उठून आत गेल्या. दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी जातात. माझी पिशवी भरलेली होती, खाली नवरा गाडी काढत होता. निघण्याआधी चहाला म्हणून मी बैठकीत गेले. सासूबाई स्वतःच तबकापाशी बसल्या होत्या. चहादाणीतून वाफ येत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थरथरत्या हाताने चहादाणी उचलली आणि सगळी पानं ओतून दिली. डबा उघडला. तोही रोजचा नाही, जुन्या झाडाचा. नवी पानं, नवं पाणी. थोडं सांडलं, तरी पेला दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला.

"घ्या," म्हणाल्या.

मला. घ्या.

शिव्या घातल्या असत्या तर मी दोन ऐकून चार सुनावल्या असत्या. पण हे काय होतं? जुन्या झाडाचा चहा मला त्या घरात कधी मिळाला नव्हता, आणि मी पेल्याला हात न लावता बसले. वर्षभर ज्याच्यासाठी जळले ते समोर होतं आणि मला दाराबाहेर काढून ठेवल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात गुलिझार आत आली. तबकातली फेकलेली पानं पाहिली, माझ्यापुढचा पेला पाहिला.

"ताईसाठी पानं बदललीत?"

"बदलली," सासूबाई म्हणाल्या. "ज्यांना घराची रीत कळत नाही, त्या पाहुण्याच."

"ताई पाहुणी नाही!" तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "काल तिने मला घरचा चहा दिला. या घरात पहिल्यांदा! मी आनंदाने रडले आणि तुम्ही सगळे... सगळे..." तिला शब्द सापडेना, तर तिच्या भाषेतलं काहीतरी लांबलचक बोलली. ते चांगलं नसावं. "तुम्ही देवापुढे सकाळी तीन पेले ठेवता आणि देवाला सोडता. मला दिवसभर सोडत नाही!"

"अगं, मान देते ना मी तुला!" सासूबाईही पेटल्या. "तुझी आई समुद्रापलीकडे. तिने डोळे मिटून पोर आमच्या हवाली केली. उद्या तिने विचारलं, माझ्या लेकीला कसं ठेवलं, तर काय सांगू? धुवण पाजलं?"

"सांगा, पोर घरची झाली!"

"घरची झाली म्हणे! घरच्या सुना सासूवर अशा ओरडतात?"

"ताई नाही ओरडत? लुआन काकूला रोज ऐकू जातं!"

"तिचं सोड, ती कोळ्यांची!"

"मी पण समुद्राची!"

सासूबाईंना ठसका लागला. बोलता बोलता त्यांनी चहादाणीतल्या त्याच पानांवर पाणी घातलं, दोन पेले भरले, एक स्वतः तोंडाला लावला आणि दुसरा न बघताच गुलिझारकडे ढकलला. डब्याकडे हात गेला नाही. गुलिझारला कळलंही नाही. ती पिता पिता भांडत होती.

मला कळलं. ही पोरगी माझ्यासाठी भांडायला उभी राहिली होती, आणि बक्षीस मात्र स्वतःच घेऊन गेली होती. मला त्याला कितीतरी महिने लागले होते, शिवाय एक टोपली मासळी. आणि या दोघी बघा, एकमेकींच्या तोंडाला तोंड देत कशा रंगल्या होत्या. सख्ख्या मायलेकी असंच भांडतात. सासूबाईंचा हात दुखायला लागला तशी त्या बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "ऊठ गं, तू ओत." हे माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी उठले, जागेवर बसले, ओतायला लागले. तीच जागा, तेच तबक, आणि माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही. खडीसाखरेवरून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं.

मला राहवलं नाही. "माझ्याशी पण भांडा की जरा कुणीतरी!"

 सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तबकाकडे.

"तुझ्याशी? आधी तो पेला बघ. काठोकाठ भरलायस. चहा आहे की दारू? अठरा वर्षांत एवढंही शिकली नाहीस?"

"शिकणार कुठून? कधी बसू दिलंत इथे?"

"काल बसू दिलं होतं ना! काय दिवे लावलेस?"

"लावले! हेव्याने लावले! मग?"

"ते काय मला कळलं नाही? काल अख्ख्या भावकीला कळलं!"

"नाही, अर्धंच हेव्याने," गुलिझार मध्ये बोलली.

"तू गप्प बस!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो, आणि मग आमचं तिघींचं जे जुंपलं, ते खाली नवऱ्याचा हॉर्न वाजून वाजून थांबला तरी थांबलं नाही. माहेरी मी दुपारनंतर पोचले.